दुग्धस्रवणकाल, त्वचास्राव आणि मातृगंध : सस्तन प्राण्यांतील गंधसंवादाचा एक आढावा

प्रस्तावना

सस्तन प्राण्यांच्या वर्गाला त्याचे नावच मुळी एका ग्रंथीवरून मिळाले आहे. लिनियसने १७५८ मध्ये हे नाव रूढ केले, तेव्हापासून स्तनग्रंथीचा विचार प्रामुख्याने पोषणाच्या अंगाने होत आला. दुधातील प्रथिने, स्निग्धांश, शर्करा आणि रोगप्रतिबंधक द्रव्ये यांवर विपुल लेखन झाले. मात्र दूध पिलाच्या तोंडापर्यंत पोहोचण्याआधी एक अडचण दूर व्हावी लागते, ती म्हणजे पिलाला स्तनाग्र सापडणे. उंदीर, ससा, मांजर यांची पिले जन्मतः आंधळी असतात, त्यांचे कानही उघडलेले नसतात. मानवी अर्भकाची दृष्टी पहिल्या दिवसांत अंधुक असते. अशा अवस्थेत पहिल्या घोटाची वाट दाखविण्याचे काम बऱ्याच अंशी घ्राणेंद्रियाकडे येते. तो गंध पुरविणारी असते आईची त्वचा.

गुरे पाळणाऱ्यांना माय-पिलांतील गंधाचे महत्त्व सांगावे लागत नाही. वासरू दगावले की गाय वा म्हैस पान्हा चोरते. अशा वेळी मेलेल्या वासराचे कातडे पेंढ्याने भरून तिच्यापुढे ठेवण्याची जुनी रीत आहे. ते हुंगून, चाटून ती पान्हवते. येथे गंध पिलाकडून आईकडे जातो. प्रस्तुत लेखाचा विषय त्याच्या उलट दिशेचा आहे. दुग्धस्रवणाच्या काळात आईच्या त्वचेतील ग्रंथींत कोणते बदल होतात, त्यांतून कोणता गंध उत्पन्न होतो, आणि पिलू तो जन्मतःच ओळखते की शिकते, या तीन प्रश्नांचा येथे विचार केला आहे.

स्तनग्रंथी : मूळची त्वचाग्रंथी

दूध आणि त्वचेचे स्राव यांच्यातील नाते योगायोगाचे नाही. स्तनग्रंथी ही उत्क्रांतीच्या दृष्टीने त्वचेचीच ग्रंथी आहे. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ ओलाव ऑफ्टेडल यांनी २००२ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार केसांच्या मुळाशी असणाऱ्या ॲपोक्राइन प्रकारच्या त्वचाग्रंथींपासून स्तनग्रंथी विकसित झाली असावी. आरंभी तिचा स्राव पातळ कवचाची अंडी ओलसर ठेवण्यास उपयोगी पडत असावा आणि पिलाचे पोषण हे कार्य नंतर वाढीस लागले असावे, असे हे प्रतिपादन आहे. प्लॅटिपस या अंडी घालणाऱ्या सस्तन प्राण्यात आजही स्तनाग्र नसते. दूध पोटावरील केसाळ त्वचेवर पाझरते आणि पिलू ते तेथूनच घेते. स्तनग्रंथीतील दूधपेशींभोवती आकुंचन पावणाऱ्या पेशींचे जाळे असते, तशाच पेशी स्वेदग्रंथींभोवतीही आढळतात. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे या पेशी आकुंचन पावतात म्हणून.

या नात्याचा परिणाम असा की स्तनाग्राच्या परिसरात तीन प्रकारच्या ग्रंथी शेजारी-शेजारी नांदतात : दूध देणारी, स्निग्ध स्राव देणारी आणि घाम देणारी. गरोदरपण व स्तन्यकाल यांत रक्तातील एस्ट्रॅडिऑल, प्रोजेस्टेरॉन व प्रोलॅक्टिन यांचे प्रमाण बदलते आणि या बदलाचा प्रभाव केवळ दूधपेशींपुरता मर्यादित राहत नाही. मंगोलियन जर्बिल या कृंतक प्राण्यात पोटाच्या मध्यरेषेवर स्निग्ध स्रावाची एक मोठी ग्रंथी असते. तिच्यावर संप्रेरकांचे नियंत्रण असून स्तन्यकालात मादी या ग्रंथीच्या साहाय्याने अधिक गंधखुणा करते, असे १९७३ मधील अभ्यासात आढळले. डुकरिणीच्या कासेवरील त्वचा द्रावकांनी धुऊन तिचा गंध घालविल्यास पिलांना आचळ शोधणे अवघड जाते, हे १९९० मध्ये नोंदविले गेले. मेंढीच्या जांघेतील ग्रंथींचा मेणासारखा स्रावही नुकत्याच जन्मलेल्या कोकराच्या शोधाला दिशा देतो. अशी उदाहरणे अनेक आहेत. पण गंध, ग्रंथी आणि संप्रेरक या तिन्ही दुव्यांची साखळी जवळजवळ पूर्णपणे उलगडली गेली ती एकाच प्राण्यात.

सशाचे उदाहरण

युरोपीय ससा, म्हणजे ज्याच्यापासून सर्व पाळीव ससे निपजले तो, मातृत्वाच्या बाबतीत वरकरणी निष्काळजी वाटावा असा आहे. मादी बिळात घरटे करते, त्यात आपल्या अंगावरची लव पसरते, पिले देते आणि निघून जाते. त्यानंतर ती चोवीस तासांतून साधारण एकदाच परतते, पिलांवर उभी राहते आणि तीन ते पाच मिनिटांत दूध पाजून पुन्हा जाते. ती पिलांना चाटत नाही, तोंडाने ढकलून स्तनाकडे आणत नाही. शिकारी प्राण्यांचे लक्ष घरट्याकडे वेधले जाऊ नये, हा या वर्तनाचा लाभ मानला जातो. त्याची किंमत मात्र पिलांना मोजावी लागते. त्या चार-पाच मिनिटांत स्तनाग्र सापडले नाही तर पुढची संधी दुसऱ्या दिवशी. आणि पहिल्या काही दिवसांत लागोपाठ उपाशी राहिलेले पिलू क्वचितच जगते.

प्रत्यक्षात बहुतेक पिले काही सेकंदांतच स्तनाग्र पकडतात. आईच्या पोटाच्या लवेत नाक खुपसून, डोके शिवणयंत्राच्या सुईसारखे जलद वरखाली हलवीत ती पुढे सरकतात. रॉबिन हडसन आणि हान्स डिस्टल यांनी १९८० च्या दशकात या हालचालीचा पद्धतशीर अभ्यास केला. दूध देणाऱ्या मादीला उताणी धरून तिच्या पोटावर पिलू ठेवले की ते तत्काळ शोध सुरू करते, परंतु संप्रेरकदृष्ट्या त्या अवस्थेत नसलेल्या मादीच्या पोटावर ते असे करीत नाही. म्हणजे शोधास प्रवृत्त करणारा घटक मादीच्या पोटावरील गंधात होता आणि तो तिच्या शारीरिक अवस्थेवर अवलंबून होता. सस्तन प्राण्यांत फेरोमोनचे ग्रहण व्होमेरोनेझल या स्वतंत्र गंधेंद्रियाने होते, अशी त्या काळी रूढ समजूत होती. या दोघांनी ते इंद्रिय निकामी केलेल्या पिलांचीही परीक्षा घेतली, तेव्हा ती पूर्ववत स्तनाग्र शोधू शकली. हा संदेश नेहमीच्या नाकानेच वाचला जातो, हे त्यावरून स्पष्ट झाले.

यापुढचा प्रश्न संप्रेरकांचा होता. अंडाशय काढलेल्या माद्यांना संप्रेरके देऊन १९९० मध्ये केलेल्या प्रयोगांत एक लक्षणीय गोष्ट समोर आली. सशाची मादी एरवी हनुवटीखालील ग्रंथी वस्तूंवर घासून गंधखुणा करते. एस्ट्रॅडिऑल दिल्यावर हे वर्तन वाढले. त्याच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन दिल्यावर हनुवटी घासणे कमी झाले, आणि पोटावरील स्तनाग्रगंधाचे उत्सर्जन मात्र वाढले. गरोदरपणात व स्तन्यकालात हनुवटीच्या खुणा घटतात, हे निरीक्षण याच्याशी जुळते. १९९४ मध्ये गोन्सालेस-मारिस्काल, चिरिनो व हडसन यांनी प्रोलॅक्टिन देऊनही या गंधाचे उत्सर्जन वाढते, हे दाखविले. स्तन्यकालात मादीचा गंध केवळ ‘वाढतो’ असे म्हणणे म्हणूनच अपुरे ठरते. तिच्या गंधाचा रोख बदलतो. जोडीदार आणि प्रतिस्पर्धी यांना उद्देशून असलेली भाषा मंदावते आणि पिलांना उद्देशून असलेली सुरू होते.

गंधद्रव्याची रासायनिक ओळख पटली ती २००३ मध्ये. फ्रान्समधील दिजाँ येथे बेनुआ शाल, जेरार कुरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशाच्या दुधातून उडून जाणारी संयुगे वेगळी केली आणि एकेक संयुग पिलांपुढे धरून पाहिले. त्यांपैकी २-मेथिलब्यूट-२-इनाल या साध्या अल्डिहाइडने पिलांच्या वर्तनात ठळक फरक पडला. काचेच्या कांडीवर त्याचा अंश लावून ती नाकापुढे धरली असता पिले कांडीच शोधू व तोंडात पकडू लागली. आईचा स्पर्श, ऊब, दुधाची चव यांपैकी काहीही तेथे नव्हते. ज्यांनी अद्याप एकदाही दूध घेतलेले नाही अशी पिलेही तसेच वागली. पीटर कार्लसन व मार्टिन ल्यूशर यांनी १९५९ मध्ये फेरोमोन ही संज्ञा कीटकांच्या संदर्भात मांडली होती. सस्तन प्राण्यांतील मातृगंधाच्या बाबतीत या संज्ञेच्या कसोट्या इतक्या काटेकोरपणे लावल्या गेल्याची उदाहरणे विरळा. ‘सशाचे स्तनफेरोमोन’ या नावाने हे द्रव्य आता ओळखले जाते.

हे द्रव्य दुधात सापडले, तरी ते दुधात उत्पन्न होते काय, या प्रश्नाचे उत्तर या लेखाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ग्रंथीच्या आतील भागातून घेतलेले दूध आणि स्तनाग्रातून बाहेर पडलेले दूध यांची तुलना केली गेली. पिलांनी प्रतिसाद दिला तो बाहेर पडलेल्या दुधाला. आतील दुधाला तसा दिला नाही. याचा अर्थ गंधद्रव्य दुधात मिसळते ते वाटेच्या अखेरच्या टप्प्यात, स्तनाग्राच्या ऊतींपाशी. दूध हे येथे संदेशाचे वाहन आहे; त्यावर मोहोर उमटते ती दाराशी.

या व्यवस्थेला काळाची मर्यादाही आहे. स्तन्यकाल पुढे सरकतो तसे मादीकडून होणारे उत्सर्जन घटत जाते आणि पिलांचा प्रतिसादही मंदावतो. दूध सुटण्याच्या सुमारास दोन्ही बाजू जवळजवळ एकाच वेळी ही भाषा सोडून देतात. दरम्यान पिले आणखीही काही शिकतात. २००६ मध्ये असे दिसून आले की स्तनफेरोमोनसोबत एखादा अपरिचित गंध एकदाच दिला, तरी पुढे तो गंध एकटाही पिलांत शोधाची हालचाल जागवितो. जन्मजात संदेश येथे शिक्षकाचे काम करतो. शिवाय आईने खाल्लेल्या अन्नाचाही ठसा या शिकवणुकीत असतो. ज्या माद्यांना ज्युनिपरची फळे खाऊ घातली होती, त्यांच्या पिलांनी दूध सुटल्यावर तेच अन्न पसंत केल्याचे १९९४ मध्ये नोंदविले गेले आहे.

उंदराचे उदाहरण

सशावरून सर्व सस्तन प्राण्यांविषयी नियम काढण्याचा मोह होतो. तो आवरावा लागतो उंदरामुळे. प्रयोगशाळेतील उंदराच्या मादीची स्तनाग्रे धुऊन टाकली तर पिले ती पकडत नाहीत. येथवर साम्य आहे. पण १९७६ मध्ये टायशर व ब्लास यांनी दाखविले की धुतलेल्या स्तनाग्रावर पिलांचीच लाळ लावली असता ती पुन्हा दूध पिऊ लागतात. म्हणजे स्तनाग्रावर पिलांना ओळखू येणारा गंध बऱ्याच अंशी मागील स्तनपानाच्या वेळी त्यांनीच तेथे ठेवलेला असतो.

मग पहिल्या स्तनपानाचे काय? तेव्हा स्तनाग्रावर कोणाचीही लाळ नसते. १९७७ च्या पुढील प्रयोगांतून त्याचेही उत्तर मिळाले. प्रसूतीच्या वेळी मादी स्वतःला चाटते आणि त्या चाटण्यातून गर्भजल व तिची लाळ स्तनाग्रांवर पसरते. धुतलेल्या स्तनाग्रांवर हे द्रव लावल्यास नवजात पिले ती पकडतात. पेडरसन व ब्लास यांनी १९८२ मध्ये गर्भजलात सिट्राल हे लिंबासारख्या वासाचे द्रव्य सोडले आणि जन्मानंतरही पिलांना तोच वास दिला. या पिलांनी लिंबाच्या वासाचे स्तनाग्र पकडले, पण नेहमीच्या गंधाचे पकडले नाही. गंध कोणता, हे निसर्गाने येथे आधीच ठरवून दिलेले नाही. गर्भाशयात जो भेटला तोच पुढे आईचा ठरला. घरातील लहान उंदरांवर २०१२ मध्ये झालेल्या संशोधनाचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. तेथे सशासारखे एकच ठराविक फेरोमोन नसून प्रत्येक मातेचे गंधमिश्रण पिले जन्मापूर्वी व जन्माच्या वेळी शिकतात.

मातृगंधाचा उगम दरवेळी त्वचेतच असतो असेही नाही. पिले सुमारे दोन आठवड्यांची झाली, घरट्याबाहेर भटकू लागली, की उंदराची मादी एक वेगळा गंध सोडू लागते. तो तिच्या विष्ठेतून येतो. लिऑन व मोल्ट्झ यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी त्याचा अभ्यास केला. प्रोलॅक्टिनची निर्मिती रोखल्यास हा गंध थांबतो, म्हणजे त्याचेही सूत्र दुग्धस्रवणाच्याच हाती आहे. पुढे असेही दिसले की पिलांना आकृष्ट करणारा हा गंध मादीच्या आहारानुसार बदलतो. ‘आईचा वास’ हा आपण एकवचनात वापरीत असलेला शब्द शरीरशास्त्राच्या दृष्टीने अनेकवचनी आहे.

मानवी माता व अर्भक

स्त्रीच्या स्तनाग्राभोवती जे गडद वर्तुळ असते, त्या स्तनमंडलावर गरोदरपणात बारीक उंचवटे ठळक दिसू लागतात. आयर्लंडमधील प्रसूतितज्ज्ञ विल्यम मॉन्टगोमेरी यांनी १८३७ मध्ये गरोदरपणाचे एक लक्षण म्हणून त्यांचे सविस्तर वर्णन केले, त्यामुळे त्या ग्रंथींना त्यांचे नाव पडले. रचनेने त्या संमिश्र असतात. स्निग्ध स्रावाची ग्रंथी आणि लहानशी दुग्धनलिका त्यांत एकत्र आलेल्या असतात, आणि स्तन्यकालात काही मातांत त्यांतून द्रवाचे थेंब प्रत्यक्ष दिसतात. हा स्राव त्वचा मऊ ठेवतो, एवढेच त्याचे कार्य पाठ्यपुस्तकांतून दीर्घकाळ सांगितले गेले.

मानवी अर्भकाला आईच्या स्तनाचा गंध कळतो काय, याची पहिली नीटस परीक्षा एडन मॅकफार्लेन यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केली. मातांनी स्तनांवर ठेवलेल्या कापसाच्या घड्या अर्भकाच्या दोन्ही गालांशी धरल्या गेल्या. सहा दिवसांची बालके परक्या स्त्रीपेक्षा आपल्या आईच्या घडीकडे अधिक वेळ तोंड वळवून राहिली. दोन दिवसांच्या बालकांत असा फरक दिसला नाही. हे शिकण्याचे लक्षण होय. परंतु १९८९ मध्ये मेकिन व पोर्टर यांना बाटलीने दूध घेणाऱ्या, सुमारे दोन आठवड्यांच्या मुलीही अनोळखी स्तनदा स्त्रीच्या स्तनगंधाकडे वळताना आढळल्या. स्तनपानाचा अनुभव त्यांना नव्हताच. ही दोन निरीक्षणे परस्परविरोधी नाहीत. स्तनदा स्त्रीचा सर्वसामान्य गंध आणि आपल्या आईचा विशिष्ट गंध या दोन वेगळ्या पातळ्या आहेत, असे त्यांवरून दिसते.

धुण्याचा प्रयोग माणसातही झाला, तोही अगदी साधेपणाने. वारेंदी, पोर्टर व विनबेर्ग यांनी १९९४ मध्ये प्रसूतीनंतर लगेच मातांचा एक स्तन धुतला, दुसरा तसाच ठेवला आणि नवजात बालकाला मध्ये पालथे ठेवले. तीस बालकांपैकी बावीस न धुतलेल्या स्तनाकडे गेली. याच गटाने १९९६ मध्ये दाखविले की स्तनावर गर्भजल लावल्यास बालके त्याकडे ओढली जातात. उंदराच्या पिलांशी असलेले साम्य येथे नजरेत भरते. २००१ मध्ये आईचे शरीर बाजूला ठेवून केवळ तिच्या स्तनगंधाची घडी समोर ठेवली, तरी बालके तिच्या दिशेने सरपटल्याचे नोंदविले गेले.

या सर्व प्रयोगांत गंध नेमका कोठून येतो, दुधातून की त्वचेतून, हे मात्र अनिर्णित होते. २००९ मध्ये सेबास्तियाँ दूसे, शाल आणि सहकाऱ्यांनी मॉन्टगोमेरी ग्रंथींचा स्राव थेट गोळा करून तीन दिवसांच्या बालकांच्या नाकाशी धरला. तुलनेसाठी मानवी दूध, गाईचे दूध, डब्याचे दूध, त्वचेचा सामान्य स्निग्ध स्राव व व्हॅनिला ही द्रव्ये होती. ग्रंथीच्या स्रावाला बालकांनी तोंडाच्या हालचालींनी आणि खोल श्वासाने सर्वांत स्पष्ट प्रतिसाद दिला. स्राव ज्या स्त्रियांचा होता त्या बालकांना अनोळखी होत्या, आणि बालक अंगावर पीत होते की बाटलीने, यानेही फरक पडला नाही. याच गटाच्या २०१२ मधील अभ्यासात प्रथमच माता झालेल्या स्त्रियांत या ग्रंथींची संख्या आणि पहिल्या तीन दिवसांतील बालकाची वजनवाढ यांचा संबंध आढळला. संख्येचा संबंध म्हणजे कारण नव्हे, हे अर्थातच ध्यानात ठेवावयास हवे.

मानवी फेरोमोनच्या नावाखाली गेल्या काही दशकांत बरेच ढिसाळ संशोधन व त्याहून ढिसाळ जाहिरातबाजी झाली आहे. ट्रिस्ट्राम वायट यांनी २०१५ मध्ये या संशोधनाची कठोर झडती घेतली. घामातील ज्या संयुगांचा बोलबाला होता, त्यांना त्यांनी निराधार ठरविले आणि खरोखर शोध घ्यावयाचा तर स्तनमंडलाच्या स्रावापासून आरंभ करावा, असे सुचविले. सशाच्या बाबतीत जशी संयुगे वेगळी करून एकेक तपासली गेली, तसे काम मानवी स्रावावर पूर्णत्वास गेलेले नाही. पशुवैद्यकातही अशीच सावधगिरी हवी. दूध पाजणाऱ्या कुत्रीच्या स्तनांमधील खोबणीतून मिळणाऱ्या स्रावावर आधारलेली ‘शांत करणारी’ द्रव्ये बाजारात आली आहेत. पण उपलब्ध पुराव्यांचा २०१० मध्ये घेतलेला आढावा त्यांतील बहुतेक दाव्यांना पुरेसा आधार नसल्याचे सांगतो.

प्रसूतिगृहातील व्यवहार

या संशोधनाचा संबंध प्रसूतिगृहातील दैनंदिन रीतींशी येतो. जन्मताच बाळाला आंघोळ घालणे, पाजण्यापूर्वी दर वेळी स्तन साबणाने धुणे, बाळाला वेगळ्या खोलीत ठेवणे या गोष्टी स्वच्छतेच्या भूमिकेतून रूढ झाल्या. त्या आखताना गंधाचा विचार कोणी केला नव्हता. तेव्हा तसे कारणही नव्हते. नवजात बालकाला आईच्या पोटावर ठेवले तर ते स्वतःहून स्तनापर्यंत पोहोचते, हे स्वीडनमधील कारोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी १९८७ मध्ये वर्णिले. महाराष्ट्रात युनिसेफ व स्तनपानाच्या प्रसारासाठी काम करणाऱ्या बीपीएनआय या संस्थेच्या महाराष्ट्र शाखेने २००७ मध्ये याच पद्धतीवर प्रशिक्षणसाहित्य व चित्रफीत तयार केली. या पद्धतीत बाळाचे अंग पुसताना हात मात्र कोरडे केले जात नाहीत, कारण हातावरील गर्भजलाचा गंध त्याला वाट दाखवितो असे मानले जाते. जागतिक आरोग्य संघटनेनेही पहिली आंघोळ जन्मानंतर चोवीस तास पुढे ढकलावी, अशी शिफारस केली आहे. तिचा मुख्य हेतू बाळाचे शरीर थंड पडू नये हा असला, तरी गर्भजलाचा गंध टिकून राहण्यास तिची मदतच होते.

महाराष्ट्रातील घराघरांत बाळंतिणीला तेल, शेकशेगडी व ओव्या-शेपांची धुरी देण्याची पद्धत आहे. या बाह्य गंधांचा स्तनगंधाशी कसा मेळ बसतो, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊ शकेल. सिट्रालच्या प्रयोगावरून पाहता सातत्याने भेटणारा असा गंध बाळ आईच्या ओळखीत सामावून घेईल, ही शक्यता नाकारता येत नाही. पहिल्या तासाची स्थिती निराळी आहे. त्या वेळी बाळापाशी ओळखीचा गंध एकच असतो, गर्भजलाचा. आणि स्तनमंडलावरील ग्रंथींनी जो स्राव गरोदरपणाच्या महिन्यांत तयार ठेवलेला असतो, तो साबणाच्या एका हाताने निघून जातो.